ऐकून पाहिलेले सिनेमे

आमच्या लहानपणी तेलंगणातल्या बेज्जूरच्या माणसाला सिनेमा बघायचा तर कागजनगर गाठावं लागे. चाळीसेक किलोमीटरची वाट, त्यातली बरीचशी सागाच्या जंगलातून, आणि आरटीसीची बस आली तर आली. पावसाळ्यात ओढे चढले की तीही बंद. पूर्वेला प्राणहिता, पलीकडे अहेरी, म्हणजे महाराष्ट्र, म्हणजे आमच्या आत्याचं गाव. पण तिकडे जायचं ते डोंग्यातून. आता गुडेमपाशी पूल झाला, तेव्हा नव्हता. त्यामुळे सिनेमा आमच्या घरात शिरला तो डोळ्यांच्या वाटेनं नव्हे, कानांच्या. आम्ही चुलत-मावस भावंडांनी 'मायाबझार' पाहण्याआधी कितीतरी वर्षं ऐकला होता. 'शोले'चंही तेच. आजही आमच्यातलं कुणी 'हा पिक्चर मी पाहिलाय' म्हणालं, तर बाकीचे विचारतात, "पाहिला का आयकला?"

घरात मराठी, तीही झाडीकडच्या वळणाची. फाटकाबाहेर तेलुगू. आठवडी बाजारात गोंडी कानावर पडे, कागजनगरच्या बसस्टँडवर हैदराबादी उर्दू. शाळा तेलुगूत. आजी पोथी वाचायची ती मराठीतून आणि भाजीवालीशी भांडायची ती तेलुगूतून, कारण तिच्या मते भांडायला तेलुगूच बरी.

रेडिओ होता मर्फीचा, आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, खाटेशेजारच्या कोनाड्यात. सेल उतरले की ते काढून उन्हात वाळवणावर ठेवायचे. कुरडया एका बाजूला, सेल एका बाजूला. त्यानं सेल खरंच भरत असतील की नाही देव जाणे, पण संध्याकाळी तासभर तरी रेडिओ बोलायचा. दिवसा नागपूर केंद्र खरखरत लागे, रात्री मात्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं स्वच्छ. मध्यमलहरी सूर्य मावळल्यावर वरच्या हवेतल्या थरावरून परतून लांबवर जातात, हे पुढे विज्ञानाच्या पुस्तकात आलं. तेव्हा आमची समजूत अशी की नागपूरवाले रात्री जोरात बोलतात.

पण खरी मेजवानी तेलुगू केंद्रांवर असायची. 'संक्षिप्त शब्दचित्रम्' नावाचा कार्यक्रम लागे. अख्ख्या सिनेमाचा ध्वनी घ्यायचा, त्यातले महत्त्वाचे प्रसंग कापून जोडायचे आणि तासाभरात सिनेमा ऐकवायचा. तेलुगू घरांतली एक पिढीच्या पिढी या कार्यक्रमावर वाढली, आणि तिच्या काठाकाठानं आमच्यासारखी मराठी घरंही. कापलेल्या जागी निवेदक दोन वाक्यांत काय घडलं ते सांगे. बाकी सगळं संवाद, पावलं, दार, टांगा, पाऊस आणि वाद्यं यांच्या भरवशावर. कोण आलं, कुठून आलं, रागात आलं की लाजत आलं, हे पावलांवरून ओळखायचं. पैंजण दारापर्यंत येऊन थांबले तर नायिका ऐकतेय. थांबले नाहीत तर ती नायिका नव्हे, मोलकरीण. हे नियम आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

'मायाबझार' 1957 सालचा, के. व्ही. रेड्डींचा. त्यात घटोत्कच लग्नाचं जेवण एकटाच फस्त करतो. पडद्यावर लाडू आपोआप उडून त्याच्या तोंडात जातात. रेडिओवर लाडू कुठून दिसणार? तिथे होतं ते गडगडाटी हसू, आणि त्या हसण्यावरून आम्ही आपापला घटोत्कच बांधला होता. माझा घटोत्कच आमच्या विहिरीवरच्या चिंचेइतका उंच होता. पुढे कागजनगरात तो सिनेमा प्रत्यक्ष पाहिला तेव्हा एस. व्ही. रंगाराव आम्हाला जरा ठेंगणेच वाटले. एवढा थोर नट, एवढी जबरदस्त गदा, आणि आम्ही पोरं एकमेकांकडे बघतोय: बस्स, एवढाच?

मग आमच्यातल्या थोरल्या दादानं बल्लारशाहून टू-इन-वन आणला आणि घरातच शब्दचित्रं सुरू झाली. गोष्ट कुठलीही असो, वादळ हवंच, कारण वादळाचं सामान घरात तयार होतं. गोठ्यावरचा उरलेला टिनाचा पत्रा दोन टोकांना धरून हलवला की मेघगर्जना. सुपात मूठभर तूर घालून सूप सावकाश तिरपं केलं की पाऊस. जोरात केलं की गारपीट. नारळाच्या करवंट्या घोडा, हे तर सगळ्या जगाला माहीत. पण घोडा अंगणातल्या शेणमातीवर पळतोय की फरशीवर, हे दाखवायचं तर करवंट्या कशावर आपटायच्या, यावर आमच्यात मारामाऱ्या झाल्यात. आगीचा शोध बाईचा, म्हणजे आमच्या सगळ्यांत मोठ्या बहिणीचा. बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद माइकजवळ हळूहळू चुरगळला की हुबेहूब जाळ. खऱ्या चुलीजवळ टेप ठेवून पाहिला होता, तेव्हा नुसता 'श्श्श' ऐकू आला होता. आगीपेक्षा पाण्याचा वाटावा असा. खऱ्या आगीपेक्षा कागदाची आग जास्त खरी, हे मुंबईच्या स्टुडिओत जन्म काढणाऱ्यांना जे ठाऊक असतं ते बाईला बेज्जूरच्या माजघरात, परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं. सिनेमातही पावलं, कपड्यांची सळसळ, भांडी हे आवाज बरेचदा नंतर, चित्र समोर ठेवून, असेच हातानं केलेले असतात. ठोसा बसल्यावर होणारा आवाज तर कुठल्याच गालाचा नसतो.

त्या काळच्या हिंदी सिनेमांत एक गोष्ट आम्हाला खटकायची. नायक पार टेकडीवर, मुंगीएवढा, आणि त्याचा आवाज मात्र कानाशी. आबाजी म्हणायचे, "थो तिकडं नाही जी, थो इथं मशिनीत बसून बोलते." बोलणं अगदी बरोबर होतं. त्या वेळचे हलके कॅमेरे चालताना शिवणयंत्रासारखे घरघरायचे. त्यांच्यासमोर आवाज टिपणं शक्य नव्हतं. म्हणून सगळं बोलणं नंतर बंद खोलीत, ओठ बघत बघत, पुन्हा बोललं जाई. ही रीत इतकी मुरली की 2001 साली 'लगान'मध्ये नकुल कामटे यांनी चित्रीकरणाच्या जागेवरच आवाज टिपला, तेव्हा ते बातमी होण्याजोगं ठरलं. पडद्यावरच्या उघड्या माळावर खरा वारा ऐकू आला की मला अजून आबाजींचं ते वाक्य आठवतं.

'शोले' आला 15 ऑगस्ट 1975 ला. बेज्जूरला तो पोचला लग्नाच्या मांडवातून. पॉलिडोर कंपनीनं गाण्यांबरोबर संवादांचीही रेकॉर्ड काढली होती, आणि लाउडस्पीकरवाला वऱ्हाड जेवायला बसलं की ती लावून द्यायचा. नवरदेवाचा मामा बुंदी वाढतोय आणि वर भोंग्यातून गब्बर आपल्या माणसांचा हिशेब घेतोय. सिनेमा न पाहिलेल्या बायकासुद्धा भात कालवता कालवता पुढचं वाक्य आधी म्हणत. रेकॉर्डवर नुसते शब्द नव्हते. दगडांवरून चालणाऱ्या बुटांचा आवाज, पट्ट्याची खणखण, आणि मग बराच वेळ कुणीच काही बोलत नाही. त्या न बोलण्याला मांडवात पंगतही गप्प व्हायची. वाढपी थांबायचे. दिग्दर्शकानं भीती घातली होती ती दोन वाक्यांच्या मधल्या फटीत, आणि ती फट भोंग्यातूनही शाबूत आमच्यापर्यंत आली.

प्रत्यक्ष सिनेमा पाहायला दोन घरांची माणसं मिळून कागजनगरला गेलो. मोठ्या शहरांत 'शोले' सत्तर मिलिमीटरवर, चहूबाजूंनी आवाज अशा थाटात लागला होता. त्यासाठीचं ध्वनिकाम लंडनला झालं होतं. नाणं उडवलं की लोक खुर्चीखाली बघत, अशी आख्यायिका आहे. आमच्या वाट्याला साधी प्रत आली, पडद्यामागे एकच भलाथोरला भोंगा, त्यातही मधूनमधून पेपर मिलचा भोंगा बाहेरून सामील. तरीही ठाकूरच्या अंगणातल्या झोपाळ्याची करकर आमच्या पाठीतून गेली. आमच्या घरी तसलाच झोपाळा होता. परतल्यावर काकीनं पहिलं काम केलं ते त्याच्या कड्यांना तेल घालायचं.

या आवाजांमागे एक मराठी माणूस होता हे फार उशिरा वाचलं. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून मंगेश देसाई सिनेमांचे ध्वनी एकत्र करत: संवाद, गाणी, पार्श्वसंगीत, पावलं, वारा हे वेगवेगळे माग घेऊन कुठला किती वर, कुठला किती खाली ठेवायचा ते ठरवत. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर माणूस आपले सिनेमे त्यांच्याकडे आणायचा. एवढा मोठा कलावंत, पण पोस्टरवर त्याचं नाव कुणी शोधत नाही. झोपाळा करकरला की लोक ठाकूरकडे बघतात, आणि ती करकर नेमकी एवढीच ठेवणारा मात्र पडद्याच्या मागेच राहतो.

थिएटरातली एक गंमत त्याच वारीतली. फिल्म तुटून जोडलेली जागा आली की आधी चित्र उडे आणि मग, जवळजवळ सेकंदानं, आवाज उडे. आम्हाला वाटे ऑपरेटर दोन आहेत, एक चित्राचा आणि एक आवाजाचा, आणि दुसरा जरा मंद आहे. खरं कारण जास्त मजेचं निघालं. पट्टीच्या कडेला आवाजाची बारीक नागमोडी रेघ छापलेली असते, पण आपल्या चित्राच्या शेजारी नव्हे. वीस-एकवीस चौकटी पुढे. चित्र सेकंदाला चोवीस वेळा थबकत, झटके खात सरकतं. आवाजाला असे झटके चालत नाहीत, तो सलग वाहिला पाहिजे. म्हणून चित्राची खिडकी वेगळी, आवाज वाचणारा दिवा तिच्या खाली वेगळा. तो दिवा गेला की पडदा मुका. मग पाचव्या रांगेतून आरडाओरडा: "सौंड! सौंड!" हा इंग्रजी शब्द आम्ही शाळेत शिकलो नाही, तिथे शिकलो.

टीव्ही घरात आला तो ईसीटीव्ही, हैदराबादच्या ईसीआयएलचा, कृष्णधवल. अँटेना लांबलचक बांबूवर. एक पोर छपरावर बांबू फिरवायला, एक दारात निरोप्या, एक टीव्हीसमोर निकाल सांगायला. "आलं! आलं! गेलं!" चित्राला मुंग्या लागलेल्या असत, आवाज मात्र सहसा ठीक असे. त्यामुळे टीव्हीही आम्ही अर्धाअधिक ऐकलाच. त्या धूनवरून, पंडित रविशंकरांनी बांधलेल्या दूरदर्शनच्या त्या संथ धूनवरून, स्वयंपाकघरात कळायचं की आता हात पुसायचे.

'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं आणि रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर निम्मी गल्ली गोळा होऊ लागली. आबाजींना तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते भिंतीला पाठ लावून, पडद्याकडे तोंड न करताच बसत. आणि तरी कोण आलं ते आमच्या आधी सांगत. "रावन आला." खरंच रावण आलेला असे, त्याच्या येण्याची वाद्यंच वेगळी. बाण सुटला की हात वर करून थांबत, कारण त्या मालिकेत बाण सुटणं आणि बाण लागणं यांच्यात चांगला वेळ जाई. दोन बाण आकाशात समोरासमोर येत, त्यांची शिट्टी चढत जाई, मग कडकडाट. "भिडले," आबाजी म्हणायचे, आणि हात खाली यायचा. एकदा शेजारच्या काकाजींनी त्यांना विचारलं, तुम्हाला दिसत नाही तर कंटाळा नाही येत? आबाजी म्हणाले, "मले तुमच्यापेक्षा रंगीत दिसते. तुमचा टीव्ही काळा-पांढरा हाये."

त्या मालिकेचं संगीत रवींद्र जैन यांचं, आणि रवींद्र जैन जन्मापासून दृष्टिहीन. म्हणजे ज्यानं ते चित्र कधी पाहिलं नाही त्यानं ते सजवलं आणि ज्याला ते दिसत नव्हतं त्याला ते बेज्जूरच्या ओसरीवर पोचलं. मधल्या आम्हा डोळसांचं काम अँटेना फिरवण्याचं.

ओसरीवर येणाऱ्यांत समोरच्या घरचे पेद्दनान्ना होते. हे त्यांचं नाव नव्हे. तेलुगूत मोठ्या काकांना असं म्हणतात, आणि गल्लीतली सगळी पोरं त्यांना तसंच म्हणत. त्यांना हिंदीचा गंध नव्हता. रामायणाची गोष्ट पाठ, त्यामुळे तिथे अडत नसे. पण रविवारी दुपारी दिल्लीहून वेगवेगळ्या भाषांतले पुरस्कार मिळालेले सिनेमे लागत, खाली इंग्रजी अक्षरं. मराठी सिनेमा लागला तर आमची चंगळ. बंगाली किंवा मल्याळम लागला तर सगळी ओसरी एका पातळीवर: कुणालाच काही कळत नाही, आणि सगळे आवाजावरून अंदाज बांधताहेत. आम्ही त्यात तरबेज होतो. बाळ रडलं पण आई उठली नाही, म्हणजे आईचं काहीतरी झालंय. शिट्टी वाजली, पण गाडी थांबल्याचा आवाज नाही, म्हणजे तो येणार नाही. दुपारीच कधीतरी कर्णबधिरांच्या बातम्याही लागत. त्यात निवेदिका हातांनी बोले. त्या मात्र आमच्या कानांनी जगणाऱ्या घरात फक्त धाकट्या आत्येभावाला आवडत, कारण त्या हातांची नक्कल करून तो वर्गात मास्तरांच्या पाठीमागे शिव्या द्यायचा.

मग एका उन्हाळ्यात वर्गणी काढून कागजनगरहून व्हिडिओ भाड्यानं आणला, तीन कॅसेटी, रात्रभराचा कार्यक्रम. दोन मारामारीच्या. तिसरी होती 'पुष्पक'. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा, 1987 सालचा, कमल हासनचा. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कुणी बोलेना. पेद्दनान्ना वैतागले, "इदि ए भाष रा?" ही कुठली भाषा? दादानं कॅसेटचं खोकं बघून सांगितलं, "भाषे लेदु, पेद्दनान्ना." भाषाच नाही. त्या अंगणात असा सिनेमा प्रथमच लागला होता, जो सगळ्यांना सारखाच कळला. संवाद नाहीत, पण तो मूकपट नाही. उलट आवाजांनी खचाखच भरलेला. नायक बेकार पदवीधर, गजबजलेल्या वस्तीतल्या खोलीत राहतो, शेजारच्या थिएटरातल्या मारामाऱ्यांच्या आवाजात झोपायची त्याला सवय. मग तो पंचतारांकित हॉटेलात घुसतो, आणि तिथल्या शांततेत त्याला झोपच येत नाही. शेवटी जुन्या जागी जाऊन तो तो गोंगाट टेपवर भरून आणतो आणि हॉटेलात लावून झोपतो. या जागी पेद्दनान्ना इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांचा मुलगा तेव्हा नुकताच हैदराबादला लागला होता आणि पत्रात लिहायचा की इथे फार आवाज, झोप येत नाही. सिनेमाचं संगीत एल. वैद्यनाथन यांचं, ज्यांनी 'मालगुडी डेज'ची ती धून बांधली. तीही न ओळखणारं आमच्या पिढीत कुणी नसेल.

शांतता वापरायला धाडस लागतं, आणि मराठीत ते फार लवकर झालं होतं. मराठी सिनेमा बोलू लागला 1932 साली, 'अयोध्येचा राजा'पासून. जेमतेम पाच वर्षांत, 1937 ला, व्ही. शांताराम यांनी 'कुंकू'त पार्श्वसंगीताचा वाद्यमेळ बाजूला ठेवला. जे ऐकू येईल ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीचं दुःख सांगायला सारंगी नाही. भिंतीवरचं घड्याळ आहे. बोलपट हे नवं खेळणं हातात आल्यावर बाकीचे त्यात गाणी कोंबत होते तेव्हाचं हे काम. आता आमच्या घरी रात्री साडेसात ते साडेदहा जे चालतं त्यात सासू नुसती वळली तरी तीनदा वीज पडते. पत्रा हलवून हलवून आमचे हात दुखत, म्हणून तरी आम्ही वीज जपून पाडायचो. यांच्याकडे बटण आहे. बोलणाऱ्यावर विश्वास नाही, नटाच्या चेहऱ्यावर नाही, प्रेक्षकावर तर मुळीच नाही; मग सगळ्याच्या खाली वाद्यांचा चिखल. बाई अजून स्वयंपाकघरातूनच मालिका ऐकते, पण तिची तक्रार अशी की आता ऐकून काही कळत नाही, सगळ्यांना एकच आवाज दिलाय.

2016 च्या मे महिन्यात आम्ही भावंडं चंद्रपूरला एका लग्नाला जमलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून 'सैराट'ला गेलो. मध्यंतरानंतर आर्ची आणि परशा हैदराबादला पळून जातात, आणि अचानक पडद्यावरून तेलुगू ऐकू येऊ लागली. रस्त्यावरची, नळावरची. आजूबाजूच्या मराठी प्रेक्षकांसाठी तो नुसता परका कोलाहल होता. तसाच तो असायला हवा, कारण आर्चीसाठीही तो तसाच आहे. नागराज मंजुळे यांनी तिचं एकटेपण त्या न कळणाऱ्या भाषेत ठेवलंय. गोची आमची झाली. आम्हाला सगळं कळत होतं. ती घाबरून ज्या आवाजांकडे बघत होती ते आमच्या गल्लीतले आवाज होते. बाई माझ्या कानाशी पुटपुटली, "घाबरू नको म्हनाव तिले, चांगलीच मानसं आहेत."

आणि मग शेवट. आर्ची-परशाचं लहान मूल दारातून आत जातं आणि सिनेमातला सगळा आवाज काढून घेतलेला. गाणी नाहीत, वारा नाही, रडणं नाही. थिएटर काही क्षण सुन्न, आणि मग मागच्या रांगांतून आरडाओरडा सुरू झाला: "ओ ऑपरेटर! आवाज गेला!" कुणी शिट्टी मारली, कुणी खुर्ची आपटली. आमचा धाकटा आत्येभाऊ, पन्नाशीचा, दोन मुलांचा बाप, उभा राहून सगळ्यांच्या वरताण ओरडला, "सौंड! सौंड!" बाईनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं. दिवे लागल्यावर तो तिकीटखिडकीवर भांडायला निघाला होता. बल्लारशाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आम्ही चौघांनी त्याला समजावलं की ते मुद्दाम केलंय. त्याला पटलं नाही. तो म्हणाला, तिकिटाचे पूर्ण पैसे घेतले आणि शेवटची दोन मिनिटं मुकी दाखवली. कागजनगरचा ऑपरेटर बरा, ओरडलं की निदान दिवा तरी बदलायचा.